साठ ओळी आणि एक सही

—नाही गो, उठू नकोस, पंखापण राहू दे. मी तुझं काम थांबवायला नाही आले, हे ओले काजूगर तेवढे सोलते इथे बसून, स्वयंपाकघरात जीव उकडून निघतो — आणि तुझंही काम तसं थांबलेलंच आहे की. त्या काळ्या पडद्यावर ओळी पळतायत आपल्या आपण आणि तू हनुवटीला हात लावून बसलीयेस. मेक चालू आहे ना, ती बांधणी? अशी बघू नकोस माझ्याकडे. सासूला घावन्यांचं पीठ किती सैल ते कळावं, मेक कशाला कळावं, असंच ना? कळतं. जीसीसी बांधतेयस तू, लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारा कम्पायलर. आता तो कम्पायलर स्वतःच स्वतःला परत बांधणार, मग तिसऱ्यांदा बांधणार, आणि दुसरा नि तिसरा हुबेहूब सारखे निघाले की मगच त्याचा स्वतःवर विश्वास बसणार. आमच्या वेळी ह्याला अख्खा दिवस जायचा. संध्याकाळी चारला वीज गेली की उद्या पहिल्यापासून.

असो. मी आले ते वेगळ्या कामाला. अर्ज लॅपटॉपखाली आहे ना? चार दिवस तिथेच आहे, केर काढताना बघते मी. हे बागेत गेलेत, तो पंपाचा आवाज येतोय ना, तो आहे तोवर तिकडेच. पंप बंद झाला की हातपाय धुणार आणि तडक कट्ट्याच्या बाजाराला निघणार, कारण ते ई-सेवा केंद्र शनिवारी एक वाजता बंद होतं. आणि जाताना तुझा अर्ज न्यायचाय त्यांना. सकाळी मला म्हणाले, तू बोल तिच्याशी, तू शिकलेली आहेस. मी शिकलेली आहे हे ह्यांना पस्तीस वर्षांत अशाच वेळी आठवतं. तर बोलते. सही करून टाक, बाय. जुनं नाव आकांक्षा, नवीन नाव भक्ती, कारण विवाह. खाली तारीख. फोटोसुद्धा चिकटवून ठेवलाय त्यांनी. कौस्तुभ काय म्हणतो? तू ठरव म्हणतो? म्हणणारच — नवरा झाला तरी मुलगा माझाच आहे, कुडाळला बँकेत बसून 'तू ठरव' म्हणायला त्याला काय जातंय. संध्याकाळी येऊन विचारेल, काय ठरलं, आणि जे ठरलं असेल त्याला बरं म्हणेल.

मी सांगते ना, सही कर नि मोकळी हो. मी नाही केली? मी काय जन्माची सुगंधा आहे? वालावलच्या मास्तरांची किशोरी मी. ह्या घरात आले, ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीने सुगंधा लिहिलं, आणि झाले सुगंधा. सोपं असतं ते. महिनाभर विचित्र वाटतं, मग कुणी जुन्या नावाने हाक मारली तर आपणच मागे वळून बघतो, कुणाला बोलावतायत म्हणून. तुला तीन आठवडे झाले ना? मी तुला 'बाय' म्हणते, लक्षात आलं असेल तुझ्या. दोन्ही नावं घेत नाही. ते जाऊ दे, सवय आहे माझी ती.

टायपिंग? कोण म्हणालं तुला — हेच म्हणाले असतील. हो, ह्यांच्या सगळ्या गोतावळ्यात मी मुंबईला टायपिंग करायचे. मी दोनदा सांगून बघितलं, मग सोडून दिलं. हे जहाजावर होते, त्यांना मशीन म्हणजे इंजिन. अंधेरीला एक कंपनी होती, आता नाही ती, तिथे आम्ही युनिक्सची मशीनं बनवायचो — कपाटाएवढी एक पेटी, तिला आठ टर्मिनल लावलेली. आणि कम्पायलर असायचा तो ज्याचा त्याचा. प्रत्येक मशीनवाल्याचा वेगळा, आतून शिवलेला, उसवून बघायचा नाही. त्याच्यात चूक निघाली तर पत्र लिहा आणि वाट बघा. सहा महिन्यांनी उत्तर यायचं की पुढच्या आवृत्तीत बघू. तशात एके दिवशी आमचा सुदेश — सुदेश म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा, बरोबरीने लागलेलो आम्ही — तो एक टेप घेऊन आला. ह्या एवढी, डब्यातल्या साबणासारखी. अमेरिकेतून आलेली. कस्टमवाल्याने तीन आठवडे धरून ठेवली होती, कारण त्याचा विश्वासच बसेना. त्याने विचारलं आतल्या मालाची किंमत काय, सुदेशने सांगितलं आतला माल कुणालाही नक्कल करून द्यायची मुभा आहे. तो म्हणाला, मग हा माल नव्हे, आणि माल नसेल तर एवढ्या लांबून पाठवला कशाला.

त्याचंही बरोबरच होतं म्हणा. आम्हाला तरी कुठे कळत होतं. सुदेशने ते बरोबरचं पत्रक मोठ्याने वाचून दाखवलं — हे वापरा, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या, फक्त ज्याला द्याल त्यालासुद्धा ही सगळी मोकळीक द्या. मग साहेब म्हणाले, ह्यात गोम काय आहे ती शोधा. शोधत बसलो. गोम नव्हती. तिकडे बॉस्टनजवळ एका विद्यापीठात एकाने त्र्याऐंशी साली ठरवलं होतं की अख्खी सिस्टिमच मोकळी लिहायची, कुणाच्या कुलपात न राहणारी. आणि त्याने सुरुवात कशाने केली? हत्यारांनी. आधी लिहायला एडिटर, मग कम्पायलर, मग चुका शोधायचं डिबगर. आपल्याकडे होडीचा सुतार आधी आपला तासणी-रंधा धार लावून घेतो, फळीला मग हात लावतो, तसं. होडी, म्हणजे ती अख्खी सिस्टिम, त्यांची लौकर झालीच नाही, ती गोष्ट वेगळी. पण हत्यारं अशी झाली की जगभरचे सुतार तीच वापरायला लागले. एक्याण्णवला फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याने घरात बसून आपली होडी बांधली, ती कशाने? ह्याच कम्पायलरने. आज तुमचे ते सर्व्हर का फर्व्हर सगळे तिच्यावर. एका बड्या कंपनीने ह्या कम्पायलरवर आपली भाषा बसवली, आपला भाग झाकून ठेवायचा बेत होता, परवाना आडवा आला — जसं घेतलंत तसं द्या. द्यावं लागलं. आणि सत्त्याण्णवला तर त्यांच्यातच वाजलं. काहींनी ह्याच कम्पायलरची वेगळी चूल मांडली, आणि दोन वर्षांनी जुन्या घराने काय म्हणावं, की तुमचीच चूल बरी पेटते, हीच आता घरची. आपल्याकडे असं झालेलं ऐकलंयस कधी? आपल्याकडे मधे भिंत घालतात आणि विहिरीवरून कोर्टात जातात.

हा घे, खा एक. खा, असाच खातात कोवळा. तुला बहुतेक हे सगळं माहीत असेल, तू मान डोलावतेयस ती माझ्या वयाकडे बघून. पण एक माहीत नसेल. त्या कम्पायलरमध्ये चूक सापडली होती, आमच्या मशीनवर. मला सापडली. काय व्हायचं, जोरात चालवायचा हुकूम दिला की हिशोब चुकायचा, साधा चालवला की बरोबर यायचा. सगळे म्हणाले प्रोग्रॅम चुकलाय. मी म्हटलं प्रोग्रॅम माझा आहे, तो चुकलेला नाही. तीन आठवडे मी त्याच्या मागे. शेवटी कळलं — तो एक आकडा एका खणात ठेवायचा, दुसऱ्या कामाला जायचा, आणि ते दुसरं काम त्याच खणात आपलं सामान टाकायचं. परत येऊन हा निमूटपणे दुसऱ्याचा आकडा आपला म्हणून उचलायचा. तक्रार नाही, काही नाही. आधीच्या कम्पायलरला ही चूक असती तर आम्ही पत्र लिहिलं असतं. हा उघडा होता. मी आत शिरले. आणि आतमध्ये — कसं सांगू तुला, तुला सांगायला नको म्हणा — कुणाचं तरी डोकं उघडून त्यात बसल्यासारखं. कुठे घाईत लिहिलंय, कुठे दमून लिहिलंय, कुठे स्वतःवरच खूश झालाय, सगळं दिसतं. मी साठ ओळी लिहिल्या. साठेक. हिशोब बरोबर आला. सुदेश उठून चहा घेऊन आला, त्याने आयुष्यात कधी कुणाला चहा आणून दिला नव्हता.

मग पाठवलं. आमच्याकडे कुठला ईमेल, पवईच्या संस्थेत सुदेशचा मित्र होता, त्याच्याकडून पाठवलं. नऊ दिवसांनी उत्तर. चार ओळींचं. दुरुस्ती चांगली आहे, आम्हाला हवी आहे, पण एवढ्या ओळींना कागद लागतो. म्हणजे असं की ज्याने लिहिलं त्याने सही करून द्यायची, हे मीच लिहिलंय आणि ह्याचे हक्क मी तुम्हाला देते. त्याच्या साहेबाने सही करायची की आमचा ह्याच्यावर दावा नाही. उद्या कुणी कोर्टात गेलं तर प्रत्येक ओळीमागे एक माणूस उभा पाहिजे, नावासकट. बरोबर आहे ना? मला तेव्हाही बरोबर वाटलं. आता नाही लागत म्हणे तो कागद — खाली एक ओळ टाकली, हे मी केलंय, की पुरतं? तुझं नाव आहे ना तिथे? कौस्तुभने लग्नाआधी दाखवलं होतं मला. आकांक्षा, अकरा ठिकाणी. मी मोजली. चष्मा नव्हता म्हणून दोनदा मोजली.

तर तो कागद पोस्टाने यायचा होता, आणि मधे माझं लग्न आलं. नव्वदचा मे. महिन्याची रजा. मी इकडे आले, कागद तिकडे कंपनीत आला. साहेबांनी त्यांच्या कागदावर न वाचता सही ठोकली, त्यांना वाटलं रजेचा अर्ज. माझा राहिला. सुदेशने तो रजिस्टर करून इकडे पाठवला, आणि नाव काय घातलं? मिस किशोरी वालावलकर. त्याला काय माहीत इथे किशोरी उरली नाही ते. पोस्टमन आला, भाई — ह्यांचे वडील — दारापुढच्या खळ्यात बसले होते. नाव वाचलं आणि म्हणाले, "ह्या नावाचा हय कोण नाय." रजिस्टर गेलं परत. हा ह्या घरातला ठरलेला विनोद आहे, पुढच्या लग्नकार्यात ऐकशील, हे भाईंची नक्कल करून सांगतात. सगळे हसतात. मीपण हसते. मी तेव्हा विहिरीवर होते, मला मागाहून कळलं. हे जहाजावर गेलेले, पावसाळाभर इथेच राहा म्हणाले सगळे, राहिले. गणपतीनंतर मुंबईला गेले तर पाकीट माझ्या खणात. वर पोस्टाचा शिक्का, पत्त्यावर अशी व्यक्ती नाही. सरकारी शिक्का गो. आणि तोवर दुसऱ्या कुणीतरी, बहुतेक युरोपातला होता, त्याने तीच चूक आपल्या बुद्धीने दुरुस्त केली, त्याच्या कागदावर सही होती, त्याची दुरुस्ती गेली. बदलांच्या यादीत त्याचं नाव आहे. पुढे मी कट्ट्याला कॉम्प्युटरचा क्लास घ्यायचे ना, तिथे इंटरनेट आल्यावर पहिल्यांदा तेच शोधलं. वाचलं. माझ्यापेक्षा चार ओळी कमीत केलंय त्याने. चांगलं केलंय. मी त्याच्यावर रागवावं असं त्यात काही नाही.

म्हणून म्हणते, ह्या गोष्टींचं एवढं मनाला लावून घेऊ नये. चूक दुरुस्त झाली की नाही? झाली. कुणाच्या का नावाने होईना. पुढे मी दोन वर्षं तिथे सुगंधा म्हणून पगार घेतला, पण मशीनवरचं माझं लॉगिन किशोरीच राहिलं. ते बदलायचं तर सगळ्या फायलींची मालकी बदलावी लागली असती, आणि तेवढी उठाठेव कोण करणार. तेवढ्या एका पेटीत मी राहिले. मग कौस्तुभ झाला. मग पेटीपण भंगारात गेली. कसला राग नाही बघ मला. कधी कधी फक्त ते पाकीट आठवतं — कडेने निळेलाल पट्टे, आणि वर सुदेशचं ते डावीकडे पडणारं अक्षर, आणि पोस्टमन ते हातात उलटंसुलटं करत होता, पुन्हा विचारत होता, "बघा हां भाईनु, परत गेला तर गेला —"

काय झालं?

हो. विहिरीवर होते म्हणाले मी, मग हे दिसलं कसं, असंच ना? पस्तीस वर्षं विहिरीवरच आहे मी. तुझं लक्ष असतं गो, वाटत नाही पण असतं. नव्हते विहिरीवर. माजघराच्या दाराआड होते, खोबरं किसत होते, किसणी थांबवून उभी राहिले. फटीतून दिसत होतं सगळं. आणि भाईंनी काही लगेच परत नाही पाठवलं. भाई तसे नव्हते. त्यांनी ते पाकीट हातात घेतलं, पाठवणाऱ्याचं नाव वाचलं, परक्या पुरुषाचं नाव, सुनेच्या माहेरच्या नावाने पत्र. दाराकडे बघितलं. त्यांना कळलं होतं मी तिथे आहे, किसणीचा आवाज थांबला होता ना. आणि त्यांनी हाक मारली. हळू. "किशोरी?" एवढंच. ह्या घरात ते नाव त्या एका वेळेला घेतलं गेलं, त्याआधी नाही, त्यानंतर नाही.

मी ओ दिली नाही.

आता ह्याचं मी स्वतःला काय सांगत आले, तेही सांगते. इथे हौसाबाई होत्या, ह्यांच्या आत्या. नव्या सुनेला महिनाभर मुद्दाम जुन्या नावाने हाक मारायची त्यांना खोड. चुकून ओ दिली की सगळ्या बायका हसणार, अजून माहेरातच आसा म्हणणार, जेवायला बसल्यावर परत तेच. पहिल्या आठवड्यात मी सहा वेळा फसले. मग मी शिकले. किशोरी म्हटलं की कान बंद. तर मी स्वतःला सांगते की मला वाटलं भाईही तसंच करतायत, परीक्षा बघतायत. छान आहे ना? कुणालाही पटेल. पण मला पाकीट दिसत होतं गो. मला अक्षर ओळखू आलं होतं. आत काय आहे ते त्या घरात मला एकटीला माहीत होतं. चार पावलं होती. बाहेर जायचं, म्हणायचं, माझं आहे ते, द्या. मग सुदेश कोण ते सांगा, कम्पायलर म्हणजे काय ते सांगा, अमेरिकेला कसली सही करून देतेस ते सांगा, आणि नाव कुठलं लावणार तेही सांगा — आणि मला कंटाळा आला. भीती नाही, कंटाळा. लग्नाची दमणूक, उकाडा, समोर अर्धा नारळ. म्हटलं, नंतर बघू. भाई थांबले होते. चांगले थांबले. मग पोस्टमनला म्हणाले ते म्हणाले. मरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही, आणि हे त्यांची नक्कल करतात तेव्हा सगळ्यात आधी हसते मी. भाईंनी परत नाही पाठवलं ते. मी पाठवलं.

आता हे तुला का सांगितलं, मला काय माहीत. मी सही घ्यायला आले होते.

तुझं झालं वाटतं ते. थांबल्या ओळी. दुसरा नि तिसरा सारखा निघाला? बरं झालं.

ऐक. पंप बंद झाला.

बघ कसं शांत झालं सगळं. हात धुतायत आता. मी त्यांना सांगू शकते, तिला नाही करायची सही म्हणून. भांडूसुद्धा शकते, वेळ लागला तरी ते ऐकतील माझं. पण मग ते माझं बोलणं होईल, आणि तू दाराआड राहशील. आणि करायचीच असेल तुला, तर कर, भक्ती काय वाईट नाव नाही, मी काही म्हणणार नाही. फक्त जे असेल ते बाहेर जाऊन सांग, त्यांच्या तोंडावर. ते वाईट नाहीत. फक्त त्यांना कुणी अजून सांगितलेलं नाही.

आली हाक. "भक्ती, कागद दी गो." ऐकलीस ना? मग उठ. नाही, लॅपटॉप राहू दे, अर्ज घे. सही आहे की नाही त्याच्यावर, मी बघणार नाही. ओढणी ठीक आहे. मी येते मागून, पण बोलणार नाही, उंबऱ्यावर उभी राहीन, दिसेन अशी. जा. माझ्याकडे काय बघतेयस, बाहेर बघ. जा, मला अजून एवढे गर सोलायचेत.